क्लच बदलताना अडकलेलं पायलट बेअरिंग कसं काढायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिअरबॉक्स खाली उतरला, प्रेशर प्लेट सुटली, क्लच प्लेट हातात आली. आता समोर फ्लायव्हील आणि त्याच्या मधोमध, क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकातल्या भोकात, अंगठ्याएवढं एक बेअरिंग. सगळं काम सुरळीत चाललेलं असतं आणि इथे येऊन दिवस मोडतो. मागून ठोकायला जागा नाही, पुढून धरायला कड नाही. या एका अडचणीवर सतत तेच तेच प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक उत्तरात ती येणार आहे: जुनं बेअरिंग फेकायचंच आहे, त्याचे तुकडे झाले तरी चालतील. जपायचं आहे ते क्रँकमधलं भोक.

पायलट बेअरिंग म्हणजे नेमकं कोणतं? क्लचमध्ये तर दोन-तीन बेअरिंगं असतात.

क्लचचं पॅडल दाबल्यावर प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांना जे ढकलतं ते रिलीज बेअरिंग. ते गिअरबॉक्सच्या बाजूला, शाफ्टभोवतीच्या नळीवर पुढेमागे सरकतं. गिअरबॉक्सच्या आत, इनपुट शाफ्ट (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) जिथे बाहेर पडतो तिथे आणखी एक असतं. पायलट बेअरिंग या दोन्हींहून वेगळं. इनपुट शाफ्टचं पुढचं निमुळतं टोक त्यात टेकतं, म्हणजे लांब शाफ्ट एका बाजूला अधांतरी न राहता मधोमध फिरतो.

ते काम कधी करतं हे समजून घेतलं की बाकीचं सोपं होतं. क्लच धरलेला असताना, म्हणजे पॅडल सोडलेलं असताना, क्रँक आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे पायलट बेअरिंग आतल्या आत फिरतच नाही. पॅडल दाबलं की क्रँक फिरत राहतो आणि शाफ्ट मंदावतो किंवा थांबतो. तेवढाच वेळ ते राबतं. म्हणून ते खराब झालेलं बरेच दिवस लक्षात येत नाही.

माझ्या गाडीत ते असेलच का?

असेलच असं नाही. इंजिन आडवं बसवलेल्या, पुढची चाकं ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांत ते नसतं, कारण तिथे शाफ्ट आखूड असतो आणि गिअरबॉक्समधली बेअरिंगंच त्याला पुरेशी धरून ठेवतात. इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेल्या, मागची चाकं ढकलणाऱ्या गाड्यांत ते सहसा असतं. कुठे ते क्रँकच्या टोकात असतं, कुठे फ्लायव्हीलमध्येच. फ्लायव्हीलमध्ये असेल तर नशीब चांगलं: फ्लायव्हील काढा, उलटं करून लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, मागून योग्य मापाचा सॉकेट लावून बेअरिंग ठोकून किंवा प्रेसवर दाबून काढा. पाच मिनिटांचं काम. खाली जे लिहिलंय ते क्रँकमध्ये बसलेल्या बेअरिंगबद्दल आहे.

आवाज कोणत्या बेअरिंगचा आहे हे गिअरबॉक्स उतरवण्याआधी कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. गाडी सपाट जागेवर उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू.

न्यूट्रलमध्ये पाय पॅडलवरून काढलेला असताना घरघर येते आणि पॅडल दाबल्यावर थांबते: संशय गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर. पॅडलवर नुसता हलका भार देताच आवाज सुरू होतो: रिलीज बेअरिंग. पॅडल पूर्ण दाबून गिअर टाकला की चिरका आवाज वाढतो: पायलट. कारण त्या क्षणी शाफ्ट थांबलेला असतो आणि क्रँक पूर्ण वेगाने त्याच्याभोवती फिरत असतो, बेअरिंगवर सगळ्यात जास्त फिरण्याचा ताण तेव्हाच येतो.

आवाज न करता जाम होणारी पायलट बेअरिंगंही असतात. मग पॅडल दाबलं तरी शाफ्ट क्रँकबरोबर ओढला जातो, रिव्हर्स टाकताना दाते करकरतात आणि माणूस क्लचची तार किंवा हायड्रॉलिक तपासत बसतो.

हाताने फिरवलं तर फिरतंय, आवाजही नाही. तरी बदलायचं का?

हो, बदला. क्लचच्या संपूर्ण कामात श्रम गिअरबॉक्स उतरवण्याचे असतात. तो एकदा खाली आला की हे छोटं बेअरिंग जुनंच ठेवणं म्हणजे तेच श्रम पुन्हा ओढवून घेणं. बोटाने फिरवून बघितल्यावर त्यावर भार नसतो, म्हणून ते गुळगुळीत वाटतं. बोट आत घालून बाहेरच्या बाजूला दाब देत हळू फिरवा. खरखर किंवा अडखळ तेव्हा जाणवते.

बेल हाउसिंगचे (क्लचभोवतीच्या आवरणाचे) सगळे बोल्ट काढले तरी गिअरबॉक्स सुटत नाही. पायलट बेअरिंगनेच धरलंय का?

शक्य आहे, पण तो शेवटचा संशय ठेवा. आधी राहिलेला बोल्ट शोधा. वरच्या बाजूला, स्टार्टरच्या मागे किंवा उलट दिशेने इंजिनकडून घातलेला एखादा बोल्ट हमखास राहतो. मग डॉवेल पिना बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स अचूक जुळावेत म्हणून दोन पोकळ पिना असतात, त्या गंजून ॲल्युमिनियमला धरतात. तिथे गंज सोडवणारं तेल मारून थांबावं लागतं.

काही गाड्यांत क्लच ओढून सुटणारा असतो, म्हणजे रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांत रिंगने अडकवलेलं असतं. ते आधी सोडवल्याशिवाय गिअरबॉक्स मागे येतच नाही. अशा वेळी जोर लावला तर पाकळ्या वाकतात.

हे सगळं तपासूनही चार-पाच मिलिमीटर फट पडून गिअरबॉक्स तिथेच लटकला, तर मात्र शाफ्टचं टोक बेअरिंगमध्ये धरलेलं असण्याची शक्यता आहे. फटीत पहार घालून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडं थोडं, गिअरबॉक्स सारख्या अंतराने सरकवत न्या. जॅक गिअरबॉक्सच्या वजनाखाली नीट टेकलेला हवा. गिअरबॉक्स शाफ्टवर लोंबकळला की शाफ्ट आणि क्लच प्लेटचा मधला भाग दोन्ही वाकतात. पहार एकाच जागी लावून उचकटू नका, बेल हाउसिंगचं तोंड चिरतं.

पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) लावण्याआधी काय काय बघून ठेवायचं?

चार गोष्टी, आणि त्या कागदावर लिहाव्यात.

पहिली, खोली. बेअरिंगचा पुढचा चेहरा क्रँकच्या तोंडापासून किती आत आहे ते मोजा. नवं तेवढंच आत बसवायचं असतं. जुनं निघाल्यावर हे माप कुठूनच मिळत नाही, आणि भोकात खांदा, म्हणजे अडवणारी पायरी, नसेल तर नवं हवं तितकं आत जाऊ शकतं.

दुसरी, प्रकार. कांशाचा बुश (गोळ्या नसलेली साधी नळी), गोळ्यांचं बेअरिंग की सुईसारख्या रोलरांचं? काढायची पद्धत यावर ठरते.

तिसरी, मागची जागा. टॉर्चचा उजेड तिरका टाकून बघा. मागे पोकळी आहे का? तिथे बंद करणारं बूच दिसतंय का? काही इंजिनांत क्रँकच्या आतलं तेल अडवणारं बूच बरोबर या भोकाच्या मागे असतं. ते सरकलं तर तेल गळायला लागतं आणि कारण सापडेपर्यंत नवा क्लच तेलाने भिजतो.

चौथी, नवं बेअरिंग हातात आलंय का? त्यावरचा नंबर आणि तीन मापं जुळवून घ्या. उदाहरणार्थ ६२०२ नंबरचं बेअरिंग आतून १५, बाहेरून ३५ आणि जाडीला ११ मिलिमीटर असतं. शाफ्टचं टोकही त्यात घालून बघा. गिअरबॉक्स खालीच आहे, दोन मिनिटं लागतात.

एवढंसं बेअरिंग, मग ते इतकं घट्ट का बसतं?

ते मुळातच भोकापेक्षा केसभर मोठं असतं आणि दाबून बसवलेलं असतं. त्यावर वर्षानुवर्षांची उष्णता, क्लच प्लेटची धूळ, ओलीने चढलेला गंज. बेअरिंगची रिंग आणि क्रँक दोन्ही पोलादाचे, त्यामुळे मधली फट गंजाने भरली की दोन्ही एकजीव झाल्यासारखे वाटतात. गंज सोडवणारं तेल कडेने मारून रात्रभर ठेवलं तर फायदा होतो. मात्र फ्लायव्हीलच्या घर्षणाच्या पृष्ठभागावर ते जाऊ देऊ नका. जुन्या कापडाने पृष्ठभाग झाकूनच मारा.

सगळ्यात आधी कोणती पद्धत करून बघायची?

आतून पकडणारा पुलर. त्याचे दोन किंवा तीन नखांचे पाय मिटवून बेअरिंगच्या भोकातून आत घालायचे, मागे गेल्यावर फाकवायचे आणि सरकत्या वजनाच्या हातोड्याने स्वतःकडे ओढायचं. वजन दांड्यावरून झपकन मागे आणायचं, थांब्यावर आपटायचं.

जमलं तर यासारखं सरळ काम नाही. जमत नाही ते बहुधा एकाच कारणाने: नखं मागच्या कडेला टेकलेलीच नसतात, नुसती आतल्या भिंतीला दाबलेली असतात. मग पहिल्या घावाला पुलर सुटून हातात येतो. नखं पूर्ण मागे गेली की हाताला एक बारीक टक्का जाणवतो, पुलर थोडा आत-बाहेर हलवून तो अनुभवा. बेअरिंगच्या मागे नखांना जागाच नसेल, तर या पद्धतीचा हट्ट सोडा.

ग्रीसची युक्ती खरंच चालते का? कशी करायची?

चालते, आणि बुशसाठी तर माझी हीच पहिली पसंती आहे. तत्त्व पास्कलचं: बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. बेअरिंगच्या मागची पोकळी ग्रीसने गच्च भरायची, बेअरिंगच्या भोकात घट्ट बसेल असा दांडा घालायचा आणि हातोड्याने ठोकायचं. ग्रीसला जायला दुसरी वाट नसते, म्हणून ते बेअरिंगला मागून ढकलतं.

किती जोर मिळतो त्याचा हिशोब करून बघू. दांडा १५ मिलिमीटरचा, बेअरिंग बाहेरून ३५ मिलिमीटरचं, आणि मागची पोकळी पूर्ण रुंद आहे असं धरा. दांड्याच्या टोकाचं क्षेत्रफळ १५ च्या वर्गाच्या, म्हणजे २२५ च्या प्रमाणात. बेअरिंगच्या मागच्या चकतीचं १२२५ वजा २२५, म्हणजे १००० च्या प्रमाणात. म्हणजे दांड्यावरच्या जोराच्या सुमारे ४.४ पट जोर बेअरिंगला बाहेर ढकलतो. बेअरिंग खांद्यावर टेकलेलं असेल तर मागचा उघडा भाग कमी, म्हणून जोरही कमी.

दांडा म्हणून जुना इनपुट शाफ्ट उत्तम. नसेल तर लेथवर नेमक्या मापाचा तुकडा काढून घ्या, किंवा जवळच्या मापाच्या बोल्टवर चिकटपट्टीचे वेढे देऊन फट भरा. दांड्याचं टोक सपाट हवं.

आता प्रत्यक्ष. ग्रीस भरताना आत हवा राहते, म्हणून बोटाने थोडं थोडं दाबत, तळापर्यंत पोचवत भरा. दांडा घाला, त्याच्याभोवती कापड गुंडाळा, चष्मा लावा. हा चष्मा दिखाव्यासाठी नाही, ग्रीस फटीतून पिचकारीसारखं सरळ तोंडावर येतं. पहिले दोन-तीन घाव मऊ लागतात, गादीवर मारल्यासारखे. हवा दबतेय. दांडा काढा, पुन्हा ग्रीस भरा, पुन्हा ठोका. मग एका घावाला हातोडा कडक लागतो, मनगटाला कळतं. त्यानंतर कड बघत राहा: बुशची चकचकीत कड क्रँकच्या तोंडातून एक मिलिमीटर पुढे आलेली दिसते. प्रत्येक वेळी पोकळी वाढते, तेवढं ग्रीस पुन्हा भरावं लागतं. चार-सहा फेऱ्यांत बुश हातात येतो.

मागे बूच असलेल्या इंजिनात ही पद्धत करू नका. दाब बुचावरही तितकाच येतो.

ग्रीस बेअरिंगच्या मधूनच बाहेर येतंय, बेअरिंग मात्र हलत नाही. काय चुकलं?

काही चुकलं नाही, बेअरिंगचा प्रकार वेगळा आहे. सुईरोलरांच्या किंवा उघड्या गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये ग्रीसला रोलरांच्या मधून सोपी वाट मिळते. अशा वेळी ग्रीसऐवजी ओला कागद वापरा. पुसायचे मऊ कागद पाण्यात भिजवून, पिळून, गोळे करून मागे दाबत भरा. दांड्याने ठोकताना पाणी निघून जातं, लगदा मागे घट्ट ढेप होतो आणि तो फटीतून सहज निसटत नाही. साफ करायलाही ग्रीसपेक्षा सोपा. काम झाल्यावर मात्र भोक लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवा, नाहीतर नव्या बेअरिंगसाठी गंज आपणच पेरून ठेवल्यासारखं होतं.

बुश झिजून सैल झालाय, दांडा घट्ट बसतच नाही. मग?

बुश कांशाचा, म्हणजे मऊ. त्यात आटे पाडता येतात. बुशच्या भोकापेक्षा एक माप मोठा टॅप घ्या, तेल लावून सरळ धरा आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असं करत आटे पाडत जा. शेवटपर्यंत आटे पडले की टॅप काढून त्याच आट्यांचा लांब, कणखर बोल्ट घाला. बोल्टचं टोक क्रँकच्या तळाला टेकलं की पुढे फिरवताना बुश आट्यांवरून मागे, तुमच्याकडे चढत येतो.

टॅपनेच रेटून काढायचा मोह होतो. टॅप ठिसूळ असतो, क्रँकमध्ये तुटला तर बुशपेक्षा तो काढणं अवघड. आणि तळाशी बूच असेल तर बोल्टही नको.

गोळ्या आणि आतली रिंग निघून आली, बाहेरची रिंग आतच राहिली. आता काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पुलरची नखं आतल्या रिंगेला धरतात, सगळा झटका गोळ्यांवर येतो, जाळी तुटते आणि बेअरिंग उकलतं. घाबरायचं कारण नाही. खरं तर आता जागा मोठी झाली.

आधी गोळ्या मोजा. सगळ्या सापडल्या का? बेल हाउसिंगमध्ये किंवा फ्लायव्हीलच्या मागे एखादी राहिली तर पुढे ती क्लचमध्ये येते. चुंबक फिरवून शोधा.

मग रिंगेच्या आत बोट फिरवा. गोळ्या धावायच्या ती खाच तिथे आहे. तीन नखांच्या पुलरला ती खाचच पकड देते. नखांची टोकं धारदार असतील तर पुष्कळदा रिंग इथेच सुटते.

नाही सुटली तर कापायची. बारीक दगड लावलेल्या छोट्या ग्राइंडरने रिंगेच्या आतून, क्रँकच्या अक्षाला समांतर अशी एक खाच पाडा. पूर्ण आरपार नाही. बेअरिंगचं पोलाद फार कठीण असतं, कठीणपणाच्या रॉकवेल सी मापावर साधारण ६०, म्हणून ते वाकत नाही, तडकतं. आपल्याला तेच हवं आहे. रिंगेची जाडी साधारण तीन-चतुर्थांश कापली गेली की छिन्नीचं टोक खाचेत ठेवून एक नेमका घाव. टक् असा कोरडा आवाज येतो, रिंग फाकते, घट्टपणा जातो आणि स्क्रू ड्रायव्हरने ती ढकलून काढता येते.

कापताना दर काही सेकंदांनी थांबून बघा. क्रँकचं पोलाद लागलं की ठिणग्या थांबत नाहीत, त्यामुळे ठिणग्यांवर विसंबू नका. खाचेच्या तळाशी दोन धातूंची बारीक सांधरेषा दिसायला लागते, तिथे हात थांबला पाहिजे. माझ्याकडून एकदा पाव मिलिमीटरची खाच भोकात गेली होती. कडा घासून साफ केल्यावर नवं बेअरिंग नीट बसलं, पण पुढचे कित्येक महिने त्या गाडीचा आवाज मी कान देऊन ऐकत होतो. कापण्याआधी फ्लायव्हीलभोवती ओलं कापड लावा आणि क्रँकच्या मागच्या तेलाच्या सीलवर धातूची धूळ जाणार नाही असं बघा.

क्रँक तापवला तर बेअरिंग सैल होईल ना?

तत्त्वाने हो, व्यवहारात नाही. क्रँक म्हणजे मोठा लोखंडी गोळा, टोकाला दिलेली उष्णता तो आत ओढून घेतो. तोवर बाजूचं रबरी सील मात्र खलास. शिवाय आजूबाजूला ग्रीस, तेल आणि साफ करायच्या फवाऱ्याचा अंश. ज्योत इथे नकोच.

रिंगेवर आतून वेल्डिंगची रेघ मारली की ती आपोआप गळते असं ऐकलंय.

खरं आहे. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि रिंगेला आत खेचतो, मग ती बोटाने निघते. कसलेल्या वेल्डरच्या हातात ही फार सुंदर पद्धत आहे. पण अटी आहेत. बॅटरी पूर्ण सोडवलेली हवी. अर्थिंगचा चिमटा फ्लायव्हीललाच किंवा क्रँकच्या टोकाला हवा. तो बॉडीला लावला तर करंट इंजिनच्या मेन बेअरिंगमधून जातो आणि त्यांवर खड्डे पडतात. जवळपास ब्रेक साफ करायचा फवारा मारलेला नसावा. क्लोरीनयुक्त फवाऱ्याच्या वाफा वेल्डिंगच्या उष्णतेत आल्या की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. थोड्या प्रमाणातही तो फुफ्फुसांना घातक आहे आणि त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. हात बसलेला नसेल तर ग्राइंडरचा रस्ता घ्या.

एवढं ठोकल्याने इंजिनला इजा होत नाही का?

क्रँकला पुढे-मागे सरकायला अगदी थोडी फट असते, मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच. ती थ्रस्ट वॉशर राखतात. ग्रीसचे घाव आणि पुलरचे झटके शेवटी त्यांच्यावर जातात. मध्यम हातोड्याचे पंधरा-वीस नेमके घाव ते सोसतात. दोन्ही हातांनी घण चालवायची वेळ आली, तर पद्धत बदलायची वेळ आली असं समजा.

बेअरिंगच्या रिंगेवर थेट हातोडा मात्र कधीच नको. कठीण पोलादाचा कपचा उडतो आणि तो डोळ्यात जाऊ नये म्हणून चष्म्याशिवाय उपाय नाही. मध्ये पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा दांडा धरा.

आतली रिंग शाफ्टच्या टोकावर अडकून आलीय.

दोन पायांच्या साध्या पुलरने ओढा. कड मिळत नसेल तर रिंगेवर वरून तशीच खाच पाडून छिन्नीने तडकवा, शाफ्टला दगड न लावता. निघाल्यावर टोकावर नख फिरवा. नख अडेल अशी पायरी पडली असेल, तर नवं बेअरिंगही लवकर जाईल.

रिलीज बेअरिंगही नळीवर घट्ट झालंय. ते ठोकून काढू का?

नको. नळी पातळ असते, ॲल्युमिनियमचीही असते. जुनं सुकलेलं ग्रीस आणि क्लचची धूळ मिळून डांबरासारखा थर झालेला असतो. फिरवत, मागेपुढे करत, थोडं तेल देत काढा. नळीवर चर पडले असतील तर नळीच बदला. त्या चरांत नवं बेअरिंग अडकतं आणि पॅडल झटके देतं. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नका, जुन्या क्लच प्लेटांत ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या कापडाने पुसा.

नवं बेअरिंग कसं बसवायचं?

आधी भोक साफ. ग्रीसची पद्धत वापरली असेल तर तळापर्यंत, कोपऱ्यांपर्यंत, दोनदा. हे मी अनुभवाने सांगतो: पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा आत थोडं ग्रीस राहिलं, इंजिन फिरलं तसं ते बाहेर फेकलं गेलं आणि नव्या क्लच प्लेटवर बसलं. गाडी निघताना थरथरायला लागली आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला.

बेअरिंग दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा. ३५ मिलिमीटरचं पोलादी बेअरिंग ४० अंशांनी थंड झालं तर जेमतेम ०.०१६ मिलिमीटर आकसतं. वाचायला थोडं वाटतं, पण घट्ट बसणाऱ्या भागात एवढंच पुरतं. काढल्यावर ओल पुसा आणि लगेच बसवा. फक्त बाहेरच्या रिंगेवर टेकेल असा सॉकेट घ्या. आतल्या रिंगेवर ठोकलं तर गोळ्यांचे ठसे त्यांच्या धावायच्या खाचेवर उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. एकाच बाजूला सील असेल तर ते बहुधा गिअरबॉक्सकडे ठेवतात. खोली मघाशी लिहून ठेवलीच आहे.

बुशला ग्रीस लावायचं की तेल?

तेल. हा बुश भुकटी दाबून केलेला, सच्छिद्र असतो आणि छिद्रांत तेल धरून ठेवतो. ग्रीसने छिद्रं बुजतात. बुशचं एक तोंड अंगठ्याने बंद करा, आत इंजिन ऑइल भरा आणि दुसऱ्या तोंडावर तर्जनी ठेवून जोराने दाबा. थोड्या वेळाने बाहेरच्या अंगावर घामासारखे बारीक थेंब उमटतात. ते दिसले की बुश तयार. घेतानाच चुंबक लावूनही बघा, चुंबक चिकटला तर तो कांशाचा नाही.

भोकावर ओरखडा आलाय, किंवा नवं बेअरिंग सैल जातंय. क्रँक बाद का?

ओरखड्याचा उंचवटा असेल तर बारीक पॉलिश पेपरने फक्त तेवढाच उतरवा. गोल गोल घासत बसलात तर भोक मोठं होतं. बेअरिंग हाताच्या दाबाने आत जात असेल पण हलत नसेल, तर बेअरिंग चिकटवायचं खास द्रव्य पृष्ठभाग पूर्ण कोरडे करून वापरता येतं. बेअरिंग भोकात डुगडुगत असेल तर द्रव्याने भागत नाही. मग मशीन शॉपमध्ये भोक थोडं मोठं करून स्लीव्ह बसवणं हाच मार्ग उरतो.

गिअरबॉक्स चढवताना नव्या बेअरिंगची काय काळजी घ्यायची?

क्लच प्लेट मधोमध आणणारा दांडा पायलट बेअरिंगमध्ये पूर्ण जाऊ द्या आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. दांडा सहज निघाला आणि सहज परत गेला, म्हणजे प्लेट मधोमध आहे.

गिअरबॉक्स शेवटच्या एक-दोन सेंटिमीटरवर अडला की बोल्ट आवळून ओढून घ्यायचा मोह होतो. पायलट बेअरिंगं सगळ्यात जास्त इथेच मरतात. अडतोय म्हणजे शाफ्टचं टोक बेअरिंगच्या कडेवर टेकलंय किंवा दाते जुळलेले नाहीत. जॅकने उंची आणि तिरकेपणा बदला, बेल हाउसिंगची फट सगळीकडे सारखी आहे का ते बघा, गिअरमध्ये टाकून मागचा शाफ्ट किंचित फिरवा. जुळला की तो हाताच्या दाबाने सरकत येऊन टेकतो. डॉवेल पिना दोन्ही जागेवर असल्याची खात्री त्याआधीच करा, त्या नसतील तर गिअरबॉक्स किंचित खाली बसतो आणि बेअरिंग कायम वाकडं फिरतं.

सगळं जोडलं, पण रिव्हर्स टाकताना अजून करकर येते. पुन्हा उतरवायचं का?

लगेच नाही. आधी क्लचची तार किंवा हायड्रॉलिकमधली हवा बघा, नव्या क्लचला पॅडलची जुळवणी बदललेली असते. मग ही चाचणी करा: मागची चाकं जमिनीपासून वर, गाडी स्टँडवर पक्की, इंजिन सुरू, पॅडल पूर्ण दाबून पहिला गिअर. चाकं जोमाने फिरत राहिली तर शाफ्ट अजून ओढला जातोय. हायड्रॉलिक ठीक असूनही तसंच होत असेल, तर बुश शाफ्टला आवळतोय किंवा बेअरिंग वाकडं बसलंय. मग गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. उतरवल्यावर पहिली गोष्ट म्हणजे शाफ्टच्या टोकावर नुकता घासल्याचा चकाकता पट्टा आहे का ते बघा. तो असेल तर बुश किंवा बेअरिंग शाफ्टला घासत होतं.